४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड घेतलं, सगळं अल्ट्रावर टाकलं, तरी बाजारात गेम अडखळतो. सेटिंग कशी लावू?

नाशिकचा_निवांत:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितो. दिवाळीचा बोनस आणि बाजूला टाकलेले पैसे एकत्र करून आरटीएक्स ४०८० सुपर घेतलं. बाकीचं मशीन जुनंच आहे: रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३२००च्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिका, ७५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय. मॉनिटर २७ इंची, फोरके, १४४ हर्ट्झ.

सायबरपंक २०७७ लावला. सगळं अल्ट्रा, रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरण मोजून उजेड आणि प्रतिबिंबं दाखवणारं) लायटिंग सायको म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, डीएलएसएस (लहान चित्र बनवून एआयने मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर. शहराबाहेर बॅडलँड्समध्ये मोकळ्या रस्त्याला सेकंदाला ६० फ्रेम्स मिळतात. जपानटाउनच्या चेरी ब्लॉसम मार्केटात शिरलो की आकडा चाळिशीत येतो आणि मधूनच असा हिसका बसतो की नेम चुकतो. गंमत अशी की तिथे उभं राहून रिझोल्यूशन १४४०पी केलं तरी चाळीसच. तेव्हा कार्डाचा वापर ५५-६० टक्के दिसतो. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये सगळे स्लायडर उजव्या टोकाला आणि एमएसएए ४एक्स ठेवलंय, तर तोही जड चालतो.

ज्यांच्याकडून कार्ड घेतलं ते म्हणतात, प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच बदला, त्याशिवाय या कार्डाला न्याय मिळणार नाही. घरात धाकटा भाऊ रोज ऐकवतो की यापेक्षा पीएस५ घेतला असता तर वर स्कूटर आली असती.

तर नेमकं काय कमी करू आणि काय ठेवू? की खरंच सगळं बदलावं लागेल?

फक्त_वाचक:

अल्ट्राचं मीडियम करा आणि कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम्स तो) आकडा बंद करा. निम्मे आजार जातात.

(मी अजून जीटीएक्स १०६०वर आहे. सल्ल्यात जळफळाट आढळल्यास तो खराच आहे.)

सीताबर्डी_स्पेशल:

निवांत, त्या दुकानदाराला आत्ता एक रुपयाही देऊ नकोस. तू स्वतःच निदान लिहून ठेवलंयस आणि तुला ते दिसलं नाही. रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम्स वाढल्या नाहीत आणि कार्ड निम्मं रिकामं बसलंय, म्हणजे बाजारात कार्ड थांबलेलं नाही, कार्डाला काम पुरवणारा थांबलाय. पोळ्या लाटणारा एक आणि तवे चार, अशी गत आहे. पाचवा तवा आणून काय होणार? आणि चारही तव्यांची आच कमी केलीस तरी पोळ्या तेवढ्याच निघतील, म्हणून तिथे ग्राफिक्स कमी करूनही काही हलत नाही.

आता हे प्रोसेसरचं काम नक्की कशाने वाढतं ते बघ. बाजारात माणसं जास्त, म्हणून क्राउड डेन्सिटी.  ती हायवरून मीडियम कर. दुसरं रे ट्रेसिंग, आणि याचं लोकांना नवल वाटतं. साध्या पद्धतीत कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते गेम सोडून देतो. पण रे ट्रेसिंगमध्ये समोरच्या काचेत तुझ्या पाठीमागची गाडी दिसायची असते, म्हणून पाठीमागच्या वस्तूंचाही हिशेब प्रत्येक फ्रेमला ठेवावा लागतो, आणि त्यातला बराच भाग प्रोसेसरच्या अंगावर पडतो. म्हणून रे ट्रेसिंग लावलं की दोघंही दमतात.

पण ५६००एक्स इतकाही म्हातारा नाही बाप्पा. तिथे चाळीस म्हणजे मला रॅमची शंका येते. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर आणि उजवीकडे स्पीड वाच. ३२०० लिहिलंय की २१३३? खोक्यावर ३२०० असली तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा लिहिलेला वेग लावणारा पर्याय, चालू केल्याशिवाय ती तो वेग घेत नाही. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. मशीन जोडून देणारे बरेच जण विंडोज सुरू झालं की हात झटकतात, बायोसमध्ये कोणी शिरत नाही. तिथेच कॅबिनेटही उघड: दोन्ही स्टिका प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारी-शेजारी असतील तर दोन चॅनलऐवजी एकच चॅनल चालतो. मोठ्या कूलरच्या पंख्याखाली पहिली खाच लपते, टॉर्च मारून बघ.

एवढं आटोपलं की मग सेटिंग. आणि इथे माझं मत थोडं टोकाचं आहे, पटलं तर घे. महाग कार्ड घेतलं म्हणून प्रत्येक गोष्ट शेवटच्या खुंटीवर नेलीच पाहिजे हा हट्ट सोड. हाय ते अल्ट्रा या शेवटच्या पायरीला बहुतेक गेममध्ये सगळ्यात जास्त फ्रेम्स जातात आणि डोळ्याला सगळ्यात कमी मिळतं. ज्याला स्क्रीनशॉट ४०० टक्के मोठा करून फरक शोधायचाय त्याने शोधावा.

टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र वर ठेव. टेक्स्चर व्हीआरएएम, म्हणजे कार्डावरची मेमरी, खातं, फ्रेम्स जवळपास खात नाही, आणि तुझ्याकडे १६ जीबी आहे. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरके पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारं) १६एक्स, त्यालाही काही लागत नाही. यावर काटकसर करू नको.

सायबरपंकमध्ये व्हॉल्यूमेट्रिक फॉग अल्ट्रावरून मीडियम. नाइट सिटीचं धुकं मीडियमवरही धुकंच राहतं. व्हॉल्यूमेट्रिक क्लाउड हाय. ॲम्बियंट ऑक्लुजन आणि लोकल शॅडो हाय. स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्सला सायको नावाची पातळी आहे, तिच्या वाटेला जाऊ नको. तसंही रे-ट्रेस्ड रिफ्लेक्शन्स चालू असताना तिचा उपयोग नाही. फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन, मोशन ब्लर हे माझ्याकडे पहिल्या मिनिटाला बंद होतात. त्याने फ्रेम्स फारशा वाढत नाहीत, पण फोरके मॉनिटर घेऊन त्यावर मुद्दाम दाणे पाडायचे हे मला पटत नाही. ज्याची त्याची आवड.

रे ट्रेसिंगचं लायटिंग सायको म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. एकतर अल्ट्रावर ये आणि सुखाने खेळ, नाहीतर सरळ पाथ ट्रेसिंग (सगळा उजेड किरणांनीच मोजणारी जड पद्धत) लाव आणि डीएलएसएस परफॉर्मन्सवर घे. मधल्या सायकोला भाव पूर्ण मोजतोस आणि माल अर्धा मिळतो.

डीएलएसएसबद्दल पण तेच. फोरकेवर क्वालिटी म्हणजे आत २५६० बाय १४४० चं चित्र बनतं, परफॉर्मन्स म्हणजे १९२० बाय १०८०. दोन वर्षांपूर्वी मी परफॉर्मन्स लावू नको म्हणालो असतो. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ सोबत ट्रान्सफॉर्मर मॉडेल (नव्या प्रकारचं एआय) आलं, ते जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतं आणि सायबरपंकच्या मेन्यूत निवडता येतं. ते लाव. तारांची जाळी, जिन्याचे कठडे, लांबच्या नियॉन पाट्यांवरची अक्षरं, इथे फरक दिसतो. माणूस पळताना मागे धुरकट शेपूट यायचं तेही बरंच कमी झालंय.

रेड डेड २ मधलं एमएसएए आजच्या आज बंद कर. ते फक्त आकारांच्या कडा गुळगुळीत करतं; गवत, पानं, घोड्याची आयाळ यांना त्याचा फारसा फायदा नाही, आणि त्या गेममध्ये बघायचं तेच तर आहे. टीएए (आधीच्या फ्रेम्स मिसळून कडा गुळगुळीत करणारं) पुरेसं आहे. पाण्याच्या फिजिक्सचा स्लायडर अर्ध्यावर, ट्री टेसलेशन बंद, रिफ्लेक्शन एमएसएए बंद. टेक्स्चर मात्र इथे अल्ट्रावरच पाहिजे. हायवर आणलंस तर चिखल आणि दगड असे वितळल्यासारखे दिसतात की तुला वाटेल कार्डच बिघडलं.

एका वेळी एकच गोष्ट बदल, एकाच जागी उभा राहून बघ. सायबरपंकच्या आतल्या बेंचमार्कवर जाऊ नको, त्याला बाजाराची गर्दी माहीत नाही. आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर) टाकून फ्रेमटाइमचा आलेख लाव. ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद. रेघ सपाट असेल तर ५५ पण गोड लागतात, आणि मध्ये ५० मिलिसेकंदांचा सुळका आला तर ९० ची सरासरीसुद्धा कडू. तुझा नेम चुकवतोय तो सुळका.

राईनकाठची:

सीताबर्डी यांच्याशी बहुतेक सहमत. मी इथे जर्मनीत खेळांच्या रेंडरिंगवरच काम करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

अल्ट्राविषयी: सेटिंगची सगळ्यात वरची पातळी अनेकदा आजच्या कार्डासाठी नसतेच. चार वर्षांनी कोणी तोच गेम नव्या कार्डावर उघडेल तेव्हा त्याच्यासाठी जागा ठेवलेली असते. त्यामुळे ती कमी करताना आपण काही गमावतोय असं वाटून घेऊ नका.

दुसरं फ्रेम जनरेशन. ते कोणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. निवांत, तुमची अडचण प्रोसेसरची आहे आणि फ्रेम जनरेशन नेमकं तिथे उपयोगी पडतं, कारण मधली फ्रेम कार्डच बनवतं, प्रोसेसरला त्यासाठी काम नसतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग चालू असावं लागतं, नाहीतर गेममध्ये पर्याय करडा दिसतो.

पण ते कधी लावायचं याला अट आहे. दोन फ्रेम्सच्या मधली बनवायची तर पुढची फ्रेम हातात आल्याशिवाय बनवता येत नाही, म्हणजे तयार असलेली फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. मुळात ६० मिळत असतील तर हे रोखणं सहसा जाणवत नाही. मुळात ३५ असतील तर आकडा ६५ दिसेल पण माउस गुळात रुतल्यासारखा वाटेल. तेव्हा आधी रॅम वगैरे सगळं करून मूळ आकडा पंचावन्न-साठावर आणा आणि मग लावा. हिसके मात्र त्याने जात नाहीत. प्रोसेसर अडकला तर दोन्ही फ्रेम्स एकदमच अडकतात.

मी स्वतः पाथ ट्रेसिंग, डीएलएसएस परफॉर्मन्स आणि फ्रेम जनरेशन असंच खेळते, सोफ्यावर बसून, कंट्रोलरने. पावसात ओल्या रस्त्यावर पाट्यांचा उजेड ज्या तऱ्हेने भिंतीवर चढतो ते साध्या रे ट्रेसिंगमध्ये येतच नाही. त्यासाठी मी बाकी सगळं मीडियमवर ठेवायला तयार आहे.

सीताबर्डी_स्पेशल:

राईनकाठची, कंट्रोलरवर तुमचं म्हणणं मान्य. मी माउसवाला आहे, मला ते रोखणं साठाला पण जाणवतं. वयाचा हट्ट म्हणा. पण प्रोसेसर अडलेला असताना फ्रेम जनरेशन हा स्वस्तातला उपाय आहे हे बरोबर.

नाशिकचा_निवांत:

मंडळी, काल रात्री बसलो. टास्क मॅनेजरमध्ये २१३३! आणि कॅबिनेट उघडलं तर दोन्ही स्टिका खरंच शेजारी-शेजारी. कूलर थोडा सैल केल्याशिवाय हातच जात नव्हता, त्यामुळे जोडणाऱ्याने सोयीच्या खाचा निवडल्या असणार. दुसऱ्या-चौथ्यात टाकल्या, एक्सएमपी लावलं, मशीन मुकाट्याने सुरू झालं.

त्याच बाजारात, त्याच नूडल्सच्या गाड्यासमोर, दुसरं काहीही न बदलता चाळिशीतले पंचावन्न झाले. क्राउड मीडियम आणि लायटिंग अल्ट्रा केल्यावर ६५ च्या आसपास. हिसका अजून येतो, पण गाडीने नव्या भागात भरधाव शिरलं तरच. रेड डेडमध्ये एमएसएए काढल्यावर असं वाटलं की कोणीतरी हँडब्रेक सोडला. भाऊ गप्प आहे.

आता तीन शंका. एक, व्ही-सिंक, जी-सिंक, फ्रेम लिमिट या फ्रेम्स आणि मॉनिटरचा वेग जुळवणाऱ्या सेटिंगचं काय करायचं? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात. दोन, कार्ड ३०० वॉटच्या वर खातं आणि माझी खोली दहा बाय दहाची आहे, आत्ताच उकडतं, एप्रिल-मेमध्ये काय होईल? तीन, प्रोसेसर पुढे कधी बदलायचाच झाला तर बोर्डासकट सगळं बदलावं लागतं का?

सीताबर्डी_स्पेशल:

वा! शेवटच्यापासून घेतो. बोर्ड ठेव. तुझं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) आहे, त्यावर ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो. दोघांत ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, तुझ्या ५६००एक्समध्ये ३२ आहे, आणि गर्दीच्या गेममध्ये हीच कॅश कामाला येते. आधी बोर्डाचा बायोस अपडेट कर, मग चिप बदल. मिळायला आता कठीण झालेत, वापरलेला चांगला दिसला तर सोडू नको. पण ६५ वर समाधान असेल तर थांब, घाई नाही.

व्ही-सिंकचं: मॉनिटरमध्ये जी-सिंक किंवा ॲडॉप्टिव्ह सिंक चालू, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक चालू, गेममध्ये व्ही-सिंक बंद, गेममध्ये रिफ्लेक्स (माउसपासून पडद्यापर्यंतचा उशीर कमी करणारं) चालू. एवढं केलं की १४४ हर्ट्झला फ्रेम्स आपोआप १३८ वर अडतात, वेगळं लिमिट लावावं लागत नाही. फ्रेम जनरेशन लावशील तेव्हा ध्यानात ठेव, १३८ दिसतात तेव्हा खऱ्या ६९ असतात. आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये १४४ निवडलंय ना, ते एकदा बघ. नवा मॉनिटर ६० वर ठेवून वर्षभर खेळणारे लोक मी पाहिलेत.

आता गरमीचं. हा विषय नागपूरवाल्याला विचारलास ते बरं केलंस. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी तीनला खोलीत ३२० वॉटचं कार्ड चालवणं म्हणजे शिक्षा. कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येते, पंखे कितीही चांगले असोत. म्हणून पंख्यांवर खर्च करण्यापेक्षा वीजच कमी खाऊ दे.

सोपा मार्ग: आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७५-८० टक्के. एवढं करून थांबलास तरी चालेल, फ्रेम्समधला फरक आकड्यात दिसतो, खेळताना दिसत नाही.

मला जमतो तो मार्ग अंडरव्होल्टचा, म्हणजे कार्डाला कमी व्होल्टेजवर चालवायचा. आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल-एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा चढता आलेख दिसतो, खाली मिलिव्होल्ट, डावीकडे मेगाहर्ट्झ. आधी मुख्य खिडकीत कोअर क्लॉक उणे २५० च्या आसपास नेऊन बरोबरची खूण दाब, म्हणजे सगळा आलेख खाली बसतो. मग आलेखात ९५० मिलिव्होल्टचा ठिपका पकड, वर ओढून २६०० च्या जवळ ने आणि परत तीच खूण दाब. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप सपाट होतात. म्हणजे कार्ड ९५० च्या वर जाणारच नाही. माझ्या ४०८० वर यानंतर वीज अडीचशे वॉटच्या आसपास राहते, पंख्यांचा आवाज निम्मा. तुझी चिप वेगळी, तिला काय सोसतं ते तूच बघायचं. पाथ ट्रेसिंग लावून तासभर खेळ. गेम आपोआप बंद पडला किंवा ड्रायव्हर रिस्टार्ट झाला तर २५७० वर ये. प्रोफाइल १ मध्ये सेव्ह कर, पण दोन-चार दिवस नीट चालल्याशिवाय ‘विंडोज सुरू होताना लाव’ वर टिक करू नको.

कॅबिनेट उघडशील तेव्हा कार्डाची ती सोळा पिनांची वीजेची केबल पण बघ. प्लग पूर्ण आत बसलेला असला पाहिजे, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये फट दिसता कामा नये, आणि प्लगला लागून लगेच वळवू नको. २०२२ मध्ये ४०९० चे प्लग वितळल्याचे फोटो फिरले होते, त्यातल्या अनेक प्रकरणांत प्लग पूर्ण बसलेलाच नव्हता. तुझं कार्ड त्यापेक्षा कमी खातं, पण बघायला पैसे पडत नाहीत.

नाशिकचा_निवांत:

दादा, केबल बघितली, नीट बसलीय. आज रात्री अंडरव्होल्ट करतो. आणखी एकच: आमच्याकडे संध्याकाळी लाइट जातात. घरात राउटरसाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस आहे, मशीन त्यालाच लावू का?

सीताबर्डी_स्पेशल:

नको. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. तुझं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या वर जातात. लाइट गेले की तोही त्याच क्षणी टीं करून बंद पडेल. यूपीएसच्या मागचं लेबल वाच, व्हीए नको बघू, वॉट बघ. ६०० वॉटच्या वरचा, प्युअर साइन वेव्हचा घे, तोही सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता. राउटर आहे तिथेच राहू दे.